बाळाबाईच्या गोगलगाईंचा खुराक

कोल्हापुरात माणूस भेटला की पहिल्यांदा विचारतात, जेवलासा का? बाळाबाई भेटली की विचारायचे, पैलवान जेवले का? ती स्वतः जेवली का, हे कुणी विचारल्याचं तिला तरी आठवत नव्हतं. आठवलं असतं तर तिनं सांगितलंच असतं, कारण मनात ठेवून कुढणारी बाई ती नव्हेच.

तिचा नवरा हंबीरराव. तरुणपणी खासबागेच्या मैदानात त्यांच्या नावानं आरोळ्या उठायच्या. लग्न होऊन ती मंगळवार पेठेतल्या त्या घरात आली आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे सासूनं तिच्यापुढं बदाम वाटायची दगडी कुंडी ठेवली. रात्री भिजवलेले बदाम सोलायचे, खसखस आणि बडीशेप घालून गंधासारखे वाटायचे, दुधात कालवायचे, वरून तूप सोडायचं. ही थंडाई. मग अंडी, मग मटण, मग भाकरीची चवड. सगळं डोक्यावर घेऊन गल्लीच्या टोकाला तालमीपर्यंत जायचं आणि दारात उभं राहायचं. आत जायचं नाही. तालमीच्या तांबड्या मातीला बाईचा पाय लागत नाही, मारुतीला चालत नाही. आतून एखादा हात यायचा, लोटा घ्यायचा, रिकामा लोटा परत यायचा.

आणखी एक नियम होता. थंडाई वाटणारीनं ती चाखायची नाही. एकदा बोटाला लागलेली चाटायला गेली तर सासूनं हातावर उलथनंच हाणलं. "बाईच्या जिभंला खुराक लागला की पैलवानाच्या अंगाला लागत न्हाई," म्हणाली. सासू गेली, पण नियम काही गेला नाही. हंबीरराव पुढं वस्ताद झाले, चेले घरी पंगतीला बसायला लागले, एकुलती एक लेक लग्न होऊन इचलकरंजीला गेली, आणि बाळाबाई वाटतच राहिली. चव विचाराल तर तिला ठाऊक नव्हती. वास मात्र रात्री झोपेतसुद्धा हाताला यायचा.

शहाण्णव सालचा श्रावण असावा. कपिलतीर्थ मंडईतून आणलेल्या पालकाच्या जुडीत तीन गोगलगाई निघाल्या. हंबीरराव म्हणाले, "टाक जा भाईर." ती टाकायला उठली, आणि त्यातल्या एकीनं दोन शिंगं हळूच वर काढून इकडंतिकडं बघितलं. बाळाबाई परत खाली बसली.

"न्हाई टाकत."

"अगं, कशापायी?"

"एवढ्या वर्सांत माझ्या सैपाकघरात आलेलं हे पयलं जनावर हाय, ज्यानं आल्या आल्या 'वाढ' म्हटलं न्हाई."

कोपऱ्यावरचा चहाचा गाडा बंद पडला होता, त्याची खारी-टोस्ट ठेवायची काचेची पेटी तिनं मागून आणली. तळाला ओली माती घातली, वर जुन्या धोतराचं फडकं बांधलं आणि पेटी मागल्या ओट्यावर सावलीत ठेवून दिली. झालं! गल्लीला विषय मिळाला. पैलवानाच्या घरात गोगलगाय! जाणारायेणारा डोकावून हसायला लागला. कृष्णात म्हणून हंबीररावांचा लाडका चेला होता, अंगानं थोराड आणि तोंडानं फटकळ. तो भर पंगतीत म्हणाला, "काकी, हिला कवा उतरवायची मैदानात?"

"उतरवीन की," बाळाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाली. "हिची पाठ कवा जमिनीला लागत न्हाई. तुझी गेल्या म्हैन्यात लागली न्हवं?"

पंगत खो खो हसली आणि कृष्णात खाली मान घालून जेवला. पण खरं सांगायचं तर त्या जनावरांना खायला किती घालायचं, कधी घालायचं, हे बाळाबाईला तरी कुठं माहीत होतं? तिला एकच प्रकार माहीत होता, खुराक. सकाळी कोबीची पानं, दुपारी दुधात कुस्करलेली भाकरी, संध्याकाळी वाटलेला बदाम. पैलवानाच्या बायकोनं कुणाला पोसायचं तर असंच पोसायचं! गोगलगाई दोन घास खायच्या आणि काचेवर चढून लांब जाऊन बसायच्या. ही त्यांना उचलून परत ढिगावर ठेवायची. "लाजू नगासा, खावा. घर तुमचंच हाय." कोल्हापूरचा आग्रह तो! माणूस त्यातून सुटत नाही, तिथं गोगलगाय कुठली सुटायला?

आठवड्याभरात पेटीला घाण वास सुटला. भाकरीवर पांढरी बुरशी, वर बारीक चिलटं. तीनपैकी दोन शंखात अंग आत ओढून घेऊन मेल्या. बाळाबाई ओट्यावर बसून ढसाढसा रडली. एवढे रेडे पोसले मी, म्हणाली, आणि नखाएवढी दोन जनावरं मला जगवता आली नाहीत!

रडून झाल्यावर तिनं पेटी धुतली, माती बदलली आणि उरलेल्या एकीला त्या दिवशी काहीच घातलं नाही. घालायची हिंमतच झाली नाही म्हणा ना. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला काकडीची एक चकती नखाएवढी कापून पुढं ठेवली आणि हात मागं घेतला. गोगलगाय आली. तिनं काकडी हुंगल्यासारखं केलं आणि खायला लागली. बाळाबाई वाकून बघत राहिली. एवढ्या जणांना तिनं वाढलं होतं, पण कुणाला खाताना असं बसून बघितलं नव्हतं. वाढून होईतोवर दुसऱ्याचं ताट रिकामं झालेलं असायचं.

मग ती हळूहळू शिकली. चुकत शिकली. दिवेलागणीला घालायचं, कारण दिवसा त्या झोपतात. रोज नाही घालायचं, एक दिवस सोडून. एकीला नखाएवढा तुकडा, काकडीचा नाहीतर दोडक्याच्या सालीचा. सकाळी उरलं असेल ते उचलायचं, त्याचा मोह धरायचा नाही. अंड्याचं टरफल वाळवून, कुटून कायम पेटीत ठेवायचं, शंख त्यानं घट्ट होतो, आणि पैलवानाच्या घरात टरफलांना काय तोटा? माती ओली ठेवायची. मिठाचा कण म्हणून जवळ न्यायचा नाही. उन्हाळ्यात त्या शंखाच्या दारावर पांढरा पापुद्रा ओढून झोपल्या की झोपू द्यायचं, उठवायला जायचं नाही.

"भूक त्यांची, येळ त्यांची," ती म्हणायची. "आपण म्होरं ठेवायचं आन हात मागं घ्यायचा. सगळं कसब हात मागं घेण्यात हाय बगा."

त्या एकीनं मातीत साबुदाण्यासारखी अंडी घातली आणि पेटी भरली. बाळाबाईला कोण आनंद! लेकीच्या बाळंतपणात केली नसेल तेवढी सांगासांग तिनं गल्लीभर केली.

शेजारच्या अंबूबाईला मात्र हे काही पटेना. अंबूबाई मनानं चांगली, पण दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय हे कळल्याशिवाय तिला घास उतरायचा नाही. "एक दिवस सोडून? अगं, मुकी जनावरं ती, मागत न्हाईत म्हणून उपाशी मारतीयास व्हय? पाप लागंल." बाळाबाई नातवाच्या बारशाला दोन दिवस इचलकरंजीला गेली. जाताना घालायचं तेवढं घालून गेली होती, आणि अंबूबाईला बजावूनही गेली होती. पण अंबूबाईला रात्री झोप लागेना. सकाळी उठून तिनं मायेनं आमटी-भात कालवला, वर लसणाची चटणी घातली आणि पेटीत ठेवला.

बाळाबाई परत आली तेव्हा निम्म्याहून जास्त गोगलगाई फेस होऊन पडल्या होत्या. मग जी जुंपली ती गल्लीनं कामधंदे सोडून बघितली.

"दया आली म्हणून घातलं की गं!" अंबूबाई रडायला लागली.

"तुझ्या दयेत मीठ हुतं!" बाळाबाई ओरडली.

बरेच दिवस अबोला होता. मग मिरच्या कांडायचे दिवस आले, एकटीनं काही होईना, म्हणून दोघी बोलायला लागल्या. पण अंबूबाईनं तेव्हापासून गल्लीत एक सांगायला सुरुवात केली, की बाळाबाईचा हात आखडता झालाय. एके काळी वाढायची तशी आता ती वाढत नाही.

याला आणखी एक निमित्त झालं होतं. हंबीररावांची कुस्ती सुटून वर्षं झाली होती, खुराक सुटला नव्हता. साखर लागली होती. एका संध्याकाळी रंकाळ्यावर चालता चालता छातीत कळ आली आणि ते खालीच बसले. दवाखान्यातून घरी आले ते पथ्य घेऊन. तूप बंद, मटण बंद, मीठ बेतानं, गोड नाही. बाळाबाईनं ताटात अर्धी भाकरी आणि वाटीभर मेथीची भाजी वाढली. हंबीररावांनी ताटाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"भिकाऱ्याला बी लोक आख्खी भाकरी घालत्यात. मी काय तुझी गोगलगाय हाय व्हय गं?"

"न्हाई. ती शाणी हाय."

ताट भिंतीवर गेलं. बाळाबाईनं भिंत पुसली, आणि दुसऱ्या ताटात परत अर्धीच भाकरी वाढली. तिसऱ्या दिवशी पैलवान मुकाट्यानं जेवले. पण चेल्यांना कोण आवरणार? एकजण मटणाचा डबा शर्टाखाली लपवून आणायचा, एकजण जिलेबी. वस्तादांचं अंग उतरलेलं त्यांना बघवायचं नाही. कुठल्याशा गावच्या जत्रेला त्यांना उचलूनच घेऊन गेले आणि ताटावर बसवून पोट फुटेस्तोवर आग्रह केला. त्याच रात्री दुसरा झटका. डॉक्टरांनी बाळाबाईला बाजूला घेतलं. "बाई, पुन्हा असं झालं तर इथपर्यंत पोचणार नाहीत," म्हणाले.

ती भ्याली. आयुष्यात पहिल्यांदा भ्याली. कारण ऐका. पैलवान म्हणून हा माणूस पहाटे तालमीत जायचा आणि रात्री जेवून घोरायचा. घरात असा तो कधी नव्हताच. आता दवाखान्यानंतर तो मागल्या ओट्यावर पेटीजवळ बसायला लागला होता. आधी शिव्या घालत, मग नुसताच. मग एक दिवस म्हणाला, "ही ढोबळी हाय न्हवं, ही कायम उजव्या अंगानं वळतीया बग." बाळाबाई स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकत राहिली. तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. नवरा आत्ता कुठं तिला मिळायला लागला होता, आणि जग त्याला तूप पाजून न्यायला बसलं होतं. तिला तो जगायला हवा होता, बास.

गल्लीत मात्र भलतंच. बाळाबाई नवऱ्याला गोगलगाईसारखं उपाशी मारतीया! हे अंबूबाईच्या तोंडून निघालं आणि तालमीपर्यंत पोचलं.

दोन हजार दोन साली तालमीचा वर्धापनदिन आला. पोरांना शिकवायला आता कृष्णातच होता. त्यानं ठरवलं, वस्तादांचा सत्कार करायचा. फेटा, नारळ, आणि त्या तालमीच्या रिवाजाप्रमाणं लोटाभर थंडाई. तो लोटा असा तसा नव्हे, शेर-दोन शेरांचा, वर चार बोटं तूप. ज्याचा सत्कार त्यानं तांबड्या मातीत उभं राहून सगळ्यांसमोर तो रिकामा करायचा. लोटा उष्टा ठेवला तर तालमीचा अपमान.

"मी जाणार," हंबीरराव म्हणाले. "आन पिणार. लोक म्हणत्यात बायकोनं पैलवानाची शेळी केली."

"लोकांचं काय जातंय?"

"मेलो तर खाऊनपिऊन मरंन."

"मरशीला. खांदा द्यायला समदी तालीम येईल. दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर कोण येऊन बसणार हाय?"

हंबीरराव उठले. धोतर नेसले, कोट चढवला आणि निघून गेले. बाळाबाई पेटीपाशी बसली. गोगलगाईंना घालायचा दिवस होता. काकडी कापायला घेतली आणि चाकू हातातच राहिला. 'मुकी जनावरं लोकांनी दयेनं मारली तवा मी गावाला गेलते,' तिच्या मनात आलं. 'आज तर मी हितंच हाय.'

ती उठली. डोक्यावर पदर घेतला आणि चालायला लागली. अंबूबाई भिंतीवरून ओरडली, "कुठं गं, चप्पल न घालता?" हिनं मागं बघितलं नाही.

तालमीच्या दारात पाय आपोआप थांबले. पस्तीस वर्षांची सवय ती, अशी एका पावलात जात नाही. आत पेट्रोमॅक्ससारखे मोठे दिवे, चारी बाजूंना माणसं, मधे कुस्तीच्या हौद्यात तांबडी माती आणि मातीत फेटा बांधलेले हंबीरराव. कृष्णातनं लोटा दोन्ही हातांनी पुढं केला होता. वस्तादांनी तो घेतला. तोंडापाशी नेला. ते तिनं बघितलं आणि उंबरा ओलांडला.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं आणि सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. ती हौद्याच्या कडेवरून खाली उतरली. माती मऊ होती, गार होती. तिला वाटलं, एवढंच होय!

"काकी! भाईर व्हा!" कृष्णात पुढं धावला. "बाई मातीत आलेली मारुतीरायाला चालत न्हाई!"

"मारुतीरायाला माझं मी सांगंन. तो ब्रह्मचारी हाय, त्याला जेवायला कोण घालत हुतं त्ये त्याला ठावं न्हाई. तुला ठावं हाय. ह्या मातीत जेवढा घाम पडला न्हवं, त्यातला निम्मा माझ्या भाकरीचा हाय. सरक बाजूला."

कृष्णात सरकला. आता काय करावं, हे त्या पाच-पंचवीस धिप्पाड गड्यांत एकालाही सुचेना. बाळाबाई नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. हंबीररावांचं तोंड रागानं लाल झालं होतं, आणि डोळ्यांत मात्र दुसरंच काहीतरी होतं. ते तिला ओळखीचं होतं. दवाखान्याच्या खाटेवर असंच भ्यालेलं तिनं त्यांना बघितलं होतं.

"लोटा उष्टा ठेवायचा न्हाई, असंच हाय न्हवं तुमचं?" ती म्हणाली. "मग आणा हिकडं."

तिनं लोटा काढून घेतला, तोंडाला लावला आणि प्यायला लागली. गटागट नाही, सावकाश, मधे दम खाऊन. तूप ओठांना लागलं, हनुवटीवरून ओघळलं. गोड होती. लई गोड होती. एवढी वर्षं वाटली, आणि ही अशी लागते होय! तिला त्या उलथन्याची आठवण आली आणि असा संताप आला की उरलेली थंडाई तिनं एका दमात संपवली. लोटा उपडा करून मातीवर धरला. एक थेंब पडला नाही.

पदरानं तोंड पुसून ती कृष्णातला म्हणाली, "बदाम कमी घातल्यात. साखर लई झालीया. आन खसखस वाटल्याली न्हाई नीट, दाताखाली येतीया. म्या असली थंडाई ह्या दारात कवा आणली नव्हती."

कोपऱ्यातून एक म्हातारा पैलवान पुटपुटला, "तालीम बाटली."

"कुणाची बाटली?" हंबीरराव गरजले. आवाज असा निघाला, जसा खासबागेत निघायचा. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. हंबीररावांनी डोक्यावरचा फेटा काढला, कृष्णातच्या हातात दिला. "लोटा रिकामा झाला न्हवं? मग झाला सत्कार. चल गं."

दोघं गल्लीतून चालत आले. ती पुढं, ते मागं. बाळाबाईला पोटात जड वाटत होतं आणि एक मोठी ढेकर आली, ती तिनं बिनधास्त दिली. घरी आल्यावर ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली. उठवेना. हंबीररावांनी चाकू घेतला, काकडी घेतली. आपल्या नखाला लावून मापलं, तुकडे कापले आणि एकेक करून पेटीत ठेवले. हात मागं घेतला.

अंबूबाईला कुठला धीर? तिचं डोकं भिंतीवरून वर आलंच.

"काय वो पैलवान? आज तरी पोटभर मिळालं का न्हाई? जेवलासा न्हवं?"

हंबीररावांनी पेटीवरची नजर काढली नाही. पण बोलले ते असं खणखणीत, की गल्लीच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

"मी न्हाई, अंबूबाय. बाळाबाई जेवली."